मॅक्सवेल डेव्हिस आणि 'पोरांची गाणी'

खर्जवाला
ब्रिटिश संगीतकार मॅक्सवेल डेव्हिसवरच्या परवाच्या धाग्यावर एक शेरा होता : "पीटर मॅक्सवेल डेव्हिस १९६९ पर्यंतच खरा. पुढे स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांवर जाऊन पोरांची गाणी नि गावच्या वराती लिहीत बसला. सिनेमे तर पोटापाण्याचे." इतकं ठोकून देण्याआधी निदान साल तरी बघायचं! इंग्लंडमधल्या सिरेनसेस्टरच्या शाळेत हा माणूस १९५९ ते ६२ संगीत शिकवत होता. तिथल्या मुलांसाठी 'ओ मॅग्नम मिस्टेरियम' लिहिलं १९६० मध्ये. ज्या 'एट साँग्ज फॉर अ मॅड किंग'वर तुम्ही फिदा, ते त्यानंतर नऊ वर्षांनी. म्हणजे पोरं आधी, वेडा राजा मागून. आणि केन रसेलच्या 'द डेव्हिल्स'चं (१९७१) संगीत पोटापाण्याचं वाटत असेल तर कान तपासून घ्या.

तिरकट
शेरा माझाच. सनावळी पाठ आहे, छान. पण १९६९ च्या प्रॉम्समध्ये (लंडनचा उन्हाळी संगीत महोत्सव) त्याची 'वर्ल्डीज ब्लिस' ही ऑर्केस्ट्राची रचना चालू असताना लोक उठून गेले होते. ती धमक नंतर कुठे गेली? 'फेअरवेल टू स्ट्रॉमनेस' हा पियानोचा तुकडा ऐकून कोण उठतंय? डोळे मिटून माना डोलावतात सगळे.

डावा_हात
मी वाजवते ते. डाव्या हाताला एकच संथ चाल, थांबू द्यायची नाही. गाव सोडून निघालेल्या लोकांची चाल आहे ती. ऑर्कनीत युरेनियमची खाण येऊ घातली होती, तिच्याविरुद्धच्या १९८० च्या 'यलो केक रेव्ह्यू'मधला तुकडा आहे हा. गोड लागतो म्हणून बिनकण्याचा ठरवू नका.

निवृत्तबाई
तुमचं चालू द्या, पण शाळेचा विषय निघालाच आहे म्हणून. एवीतेवी कोण ऐकतं! मी जन्मभर गाणं शिकवलं. दहावीचा वर्ग आला की माझा तास गणिताला. पेटी अडगळीत, किल्ली शिपायाकडे. गॅदरिंगच्या आठ दिवस आधी मात्र "बाई, काहीतरी बसवा."

सम
बाई, अगदी! आमच्याकडे तर ट्रॅक लावून पोरांना नुसते ओठ हलवायला सांगायचे.

तिरकट
झालं. आता पेटीची किल्ली सापडेपर्यंत धागा थांबवायचा का?

निवृत्तबाई
तुमच्यासारख्यांमुळेच ती किल्ली हरवते. मुलांसाठी लिहिलं की हलकं, हे आमचे हेडमास्तरही म्हणायचे.

सम
+१. पुढे?

खर्जवाला
तिरकट, बाईंशी नीट बोला. आणि डेव्हिसनं १९७७ मध्ये ऑर्कनीत सुरू केलेला सेंट मॅग्नस महोत्सव विसरू नका. तिथल्या कर्कवॉल गावच्या कॅथीड्रलमध्ये त्याचा नवा ऑपेरा, आणि वर्षानुवर्षं स्थानिक लोक त्या महोत्सवात गातवाजवतायत. लंडनमध्ये बसून नाक मुरडणं सोपं असतं.

तिरकट
त्याच्याच 'ऑर्कनी वेडिंग' या रचनेच्या शेवटी सूर्योदयाला बॅगपाइपवाला वाजवत सभागृहात शिरतो नि सगळे टाळ्या पिटतात. याला मी वरात म्हणणार. राजसत्तेवर विश्वास नसलेला माणूस २००४ मध्ये राणीचा दरबारी संगीतकार झाला, त्यावरही बोला की.

डावा_हात
विषय बदलला. म्हणजे उत्तर नाही.

तिरकट
बरं बाई, 'ओ मॅग्नम' काल पूर्ण ऐकलं. मधल्या सोनाटा (नुसत्या वाद्यांचे तुकडे) शाळकरी पोरांनी वाजवल्या असतील तर पोरं माझ्यापेक्षा बरी. खूश? सिनेमाबद्दलचं मत मात्र बदलणार नाही.

निवृत्तबाई
माझी किल्ली अजून शिपायाकडेच आहे हो.