ओपीडीत सिस्टरची नेमणूक खोलीनुसार करावी की कामानुसार?

नवी_इनचार्ज

नमस्कार. बरीच वर्षे वॉर्डात काम केल्यानंतर नुकतीच माझ्याकडे बाह्यरुग्ण विभागाची इनचार्ज म्हणून जबाबदारी आली आहे. तपासणीच्या आठ खोल्या, इंजेक्शन रूम, ड्रेसिंग रूम आणि लसीकरण कक्ष असा हा विभाग आहे. पूर्वापार पद्धत अशी की, प्रत्येक डॉक्टरांच्या खोलीला एक सिस्टर नेमून दिलेली असते आणि ओपीडी संपेपर्यंत ती तिथेच राहते. त्यामुळे मेडिसिनच्या खोलीबाहेर रुग्ण दाटीवाटीने उभे असताना तिथल्या सिस्टरला बीपी घेणे, केसपेपर लावणे, डॉक्टरांना मदत करणे आणि नातेवाइकांच्या प्रश्नांना उत्तरे देणे हे सारे एकटीने निभवावे लागते. त्याच वेळी शेजारच्या त्वचारोगाच्या खोलीतली सिस्टर मोकळी असूनही जागची हलत नाही, कारण ‘आमचे डॉक्टर रागावतील’. तिला दोष देता येत नाही, डॉक्टर खरोखरच रागावतात.

ही वाटणी खोलीऐवजी कामानुसार करावी, असे मला वाटते. पण निम्म्या सिस्टर माझ्यापेक्षा सेवेने ज्येष्ठ आहेत आणि त्यांना न दुखावता हे कसे साधावे, ते सुचत नाही. शिवाय सकाळच्या गर्दीत इनचार्जने स्वतः नेमके कुठे असावे, याबद्दलही अनुभवी मंडळींचे मत हवे आहे.

परिचर्या_प्रशासन

आपला विचार योग्य दिशेने चालला आहे, परंतु वाटणी बदलण्याआधी एक आठवडा केवळ वेळेची नोंद करावी, असे मी आग्रहाने सांगेन. प्रत्येक केसपेपरच्या कोपऱ्यात चार वेगवेगळ्या वेळा लिहाव्यात: नोंदणी झाली ती, बीपी-वजन घेतले ती, खोलीत प्रवेश मिळाला ती आणि रुग्ण बाहेर पडला ती. गर्दी डॉक्टरांमुळे होते असे सर्वांना वाटत असते. पण नोंदी पाहिल्यावर अनेकदा असे दिसते की रुग्ण खोलीबाहेर नव्हे, तर बीपीच्या टेबलापाशी किंवा केसपेपर सापडेपर्यंत थांबलेला असतो. या नोंदींतून एक साधा हिशेबही मांडता येतो, जो अमेरिकी संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये गणिताने सिद्ध केला: तासाला ३० रुग्ण येत असतील आणि प्रत्येक जण सरासरी दीड तास आत राहत असेल, तर कोणत्याही क्षणी विभागात सरासरी ४५ रुग्ण असणारच. येणाऱ्यांची संख्या आपल्या हाती नसली, तरी तो दीड तास बऱ्याच अंशी आपल्या हाती असतो.

त्यानंतर तपासणीपूर्वीचे काम खोल्यांतून बाहेर काढावे. दोन किंवा तीन सिस्टर सर्व डॉक्टरांच्या रुग्णांचे बीपी, वजन, तापमान आणि चालू औषधांची नोंद एकाच ठिकाणी करतील आणि एक सिस्टर मोकळी राहून जिथे अडेल तिथे जाईल. मला स्वतःला यातला सर्वांत मोठा लाभ बीपीच्या अचूकतेत दिसतो. रुग्णाने पाच मिनिटे शांत बसलेले असावे, पाठीला आधार असावा, दोन्ही पाय जमिनीवर टेकलेले असावेत, हात हृदयाच्या पातळीवर असावा आणि कफ (बीपी घेताना दंडाला गुंडाळायचा पट्टा) दंडाच्या मापाचा असावा. लहान कफ लावला तर आकडा खऱ्यापेक्षा जास्त येतो. जिने चढून आलेल्या माणसाचे दारातच उभ्या-उभ्या बीपी घेतले आणि त्या आकड्यावर डॉक्टरांनी गोळी वाढवली, तर ती चूक एकट्या सिस्टरची राहत नाही, ती व्यवस्थेची ठरते. बीपीच्या टेबलाशेजारी पाठ असलेल्या चार खुर्च्या ठेवल्या की ही पाच मिनिटे आपोआप मिळतात, कारण पुढच्याचा नंबर येईपर्यंत तो बसलेलाच असतो.

इनचार्जची जागा पहिले दोन तास प्रतीक्षागृहातच असावी. रजिस्टर आणि इंडेंट (साहित्याची मागणीपत्रे) दुपारी करता येतात. घामाघूम होऊन खुर्चीत कलंडू लागलेला रुग्ण मात्र कार्यालयात बसून दिसत नाही.

जुनी_स्टाफनर्स

वरील उत्तराशी मी बहुतांशी सहमत आहे, तरी सरसकट सर्व खोल्या कामानुसार मोकळ्या कराव्यात हे मला पटत नाही. स्त्रीरोग विभागात तपासणी चालू असताना सिस्टरने खोलीतच असले पाहिजे, यात तडजोड नको. मानसोपचार आणि मधुमेहाच्या ओपीडीतही तोच चेहरा पुन्हा पुन्हा दिसण्याला मोल आहे. ‘इन्सुलिन टोचायचे राहते’ हे रुग्ण ओळखीच्या सिस्टरला सांगतो, नव्या सिस्टरला ‘सगळे व्यवस्थित चालू आहे’ असे म्हणतो. म्हणून अशा खोल्या निश्चित कराव्यात आणि तिथली नेमणूक काही महिने बदलू नये. उरलेल्या खोल्यांसाठी डॉक्टरांशी आधी स्वतः बोलून, सिस्टर केव्हा बाहेर जाऊ शकते आणि बोलावल्यावर कोण येईल, हे एका कागदावर लिहून घ्यावे. डॉक्टरांच्या रोषाला सामोरे जाणे हे इनचार्जचे काम आहे. ते सिस्टरवर सोपवले तर कोणताही बदल आठवडाभरसुद्धा टिकत नाही.

ज्येष्ठ सिस्टरबद्दल आपण विचारले आहे. त्यांना सूचनापत्रकातून बदल कळवू नका. एकेकीशी स्वतंत्रपणे, बसून बोला आणि ‘तुमच्या नजरेत सर्वांत जास्त वेळ कुठे वाया जातो?’ असे विचारा. उत्तर मनापासून ऐकले जात आहे हे जाणवले की त्या मोकळेपणाने सांगतात. ज्यांचा हात ड्रेसिंगमध्ये कसलेला आहे त्यांच्याकडे ड्रेसिंग रूमची पूर्ण जबाबदारी द्या आणि नव्या मुलींना तिथे शिकायला पाठवा. कोणाला ईसीजी काढता येतो, कोणाचा हात कॅन्युला (शिरेत बसवायची बारीक नळी) लावण्यात सफाईदार आहे, लसीकरणाच्या नोंदी कोण ठेवू शकते, याचा तक्ता करून प्रत्येक कामाला निदान दोन नावे असतील असे पाहा. कोणाची चूक काढायची असेल तर ती रुग्णांसमोर कधीही काढू नका. ज्या सिस्टरला सर्वांदेखत बोलणे खावे लागते, ती पुढच्या वेळी चूक सांगत नाही, आणि न सांगितलेली चूक रुग्णाला भोवते.

इंजेक्शन_रूम

मी केवळ सुरक्षिततेबद्दल लिहिते. वॉर्डात राहिलेले काम पुढच्या ड्युटीला सापडते, कारण रुग्ण तिथेच असतो. ओपीडीतला रुग्ण घरी निघून गेलेला असतो. म्हणून संध्याकाळी कुलूप लावण्यापूर्वी, आज पाठवलेल्या तपासण्यांपैकी कोणते रिपोर्ट यायचे आहेत आणि आलेल्यांपैकी कोणता डॉक्टरांनी अद्याप पाहिलेला नाही, याची वही एका ठरलेल्या सिस्टरने तपासावी. चिंताजनक रिपोर्ट पाकिटात पडून राहणे हा ओपीडीतला फार गंभीर धोका आहे.

लसींच्या फ्रिजचे तापमान २ ते ८ अंश सेल्सिअसच्या दरम्यान असल्याची नोंद दिवसातून दोनदा व्हावी. बहुमात्रा कुपी (अनेक डोस असलेली) उघडली की तिच्यावर तारीख लिहावी. इंजेक्शनच्या बहुतेक कुप्या उत्पादकाने वेगळे सांगितले नसेल तर २८ दिवसांनी टाकून द्यायच्या असतात, मात्र लसींच्या कुप्यांचे नियम वेगळे असून त्यांची मुदत पुष्कळदा काही तासांचीच असते. सुयांचा डबा तीन-चतुर्थांश भरला की बदलावा. लस किंवा इंजेक्शन घेतलेल्या रुग्णाला १५ ते ३० मिनिटे आपल्या नजरेसमोर बसवावे, आणि तीव्र ॲलर्जीची लक्षणे दिसताच द्यायचे ॲड्रेनलिन (प्रौढांसाठी १:१००० तीव्रतेचे ०.५ मिलिलिटर, मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत) कुठे ठेवले आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदाच ड्युटीवर आलेल्या सिस्टरलाही ठाऊक असावे. इमर्जन्सी ट्रॉली रोज सकाळी तपासून सही करावी. सही करणारीने ऑक्सिजनचा सिलिंडर प्रत्यक्ष उघडून पाहिलेला असावा.

नवी_इनचार्ज

सर्वांचे मनापासून आभार. सोमवारपासून वेळेची नोंद सुरू करते आणि स्त्रीरोग व मधुमेहाच्या खोल्यांना हात लावणार नाही. एकच शंका उरते: ऐनवेळी दोन सिस्टर रजेवर गेल्या तर मोकळी ठेवलेली सिस्टर पहिल्याच तासात संपते. अशा दिवशी कोणते काम मागे ठेवावे?

परिचर्या_प्रशासन

हे सकाळी घाईत ठरवू नका. आधीच डॉक्टरांच्या संमतीने क्रम लिहून ठेवा. इंजेक्शननंतरची देखरेख, प्रतीक्षागृहावरची नजर आणि रिपोर्टची वही ही तीन कामे कधीही थांबवायची नाहीत. फॉलोअपचे फोन, साठ्याची मोजदाद आणि स्थिर रुग्णांचे नियमित वजन मागे ठेवता येते. ड्रेसिंगसाठी वेळ देऊन बोलावलेले रुग्ण असतील, तर ओपीडी सुरू होण्यापूर्वीच त्यांना फोन करून दुपारची वेळ द्यावी. ज्यांची जखम चिघळलेली आहे त्यांना मात्र सकाळीच घ्यावे.