पासष्ट लाखांची स्कायलाइन: पैसे गाडीचे की कागदांचे?

म्हापशाचा (धागाकर्ता)

माझा मावसभाऊ बोटीवर आहे. सहा महिने समुद्रात, सहा महिने घरी. घरी असला की तोंड मोबाइलात, आणि मोबाइलात जपानी गाड्या. गेल्या आठवड्यात एका एजंटने त्याला निळी निसान स्कायलाइन आर३४ दाखवली, अर्थात फोटोत. भाव ६५ लाख. "पेपर क्लिअर, गोव्याला ट्रान्सफर करून देतो, १० लाख टोकन टाका." भाऊ बँकेत निघालाच होता, मावशीने मला फोन केला म्हणून थांबलाय.

माझं मत असं की आपल्याकडे जुनी आयात जपानी गाडी घेणारा माणूस गाडी घेतच नाही, कागदांचं बाड घेतो. बाड खरं असेल तर त्याची किंमत आहे. खोटं असेल तर खाली लोखंड उरतं, आणि तेही कस्टम्सवाले उचलून नेतात.

वापरलेली गाडी देशात आणायची तर ती तीन वर्षांहून जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे हवं. आर३४ बनली १९९८ ते २००२. म्हणजे रीतसर आलेली असेल तर २००५ च्या आत बंदरात उतरलेली हवी. एजंट म्हणतो दोन वर्षांपूर्वी आणली. विशी उलटलेली गाडी कुठल्या दारातून आली, एवढं तरी विचारायचं की नाही?

बरं, तीन वर्षांच्या आतली एखादी टोयोटा सुप्रा कायद्याने आणू म्हटलं तर हिशेब बघा. गाडी २० लाखांना पडली, ड्यूटी सव्वापट धरली, तर झाले ४५. त्या बेरजेवर ४० टक्के जीएसटी, म्हणजे ६३. वर रोड टॅक्स, विमा, एजंटचं चहापाणी. यातले २० लाखच काय ते गाडीचे.

म्हणून मी भावाला सांगितलं, हौसच असेल तर अधिकृतपणे आलेली शोध. मित्सुबिशीने ईव्हो टेन इथे विकली, निसानने ३७०झेड विकली. थोड्याच आहेत, पण बाप माहीत असलेल्या आहेत. तो माझ्याशी बोलत नाही सध्या.

तारवटी

कायद्याचं मान्य. पण "लोखंड उरतं" हे आरबी२६, म्हणजे स्कायलाइनच्या सगळ्यात तगड्या जीटी-आरचं इंजिन, न ऐकलेल्या माणसाचं बोलणं आहे.

मीही बोटीवरचाच. योकोहामाला जहाज लागलं की एक संध्याकाळ दायकोकूच्या पार्किंगात काढायचीच. हायवेच्या वेटोळ्याच्या मधोमध ती जागा आहे. एका बाजूला आर३२, म्हणजे आधीच्या पिढीची स्कायलाइन, शेजारी आरएक्स-७, पलीकडे म्हातारबाबा आपली एनएसएक्स फडक्याने पुसत बसलेले. कोणी कोणाला भाव विचारत नाही.

या गाड्या मुळात कागदावर गरीब होत्या. १९८९ पासून जपानी कंपन्यांनी आपसात ठरवलं होतं की जाहिरातीत ताकदीचा आकडा २८० पीएसच्या (जपानी अश्वशक्ती) वर द्यायचा नाही. २००४ पर्यंत ते चाललं. त्यामुळे स्कायलाइन जीटी-आर, सुप्रा, ईव्हो सगळ्यांचा आकडा एकाच उंबऱ्यावर येऊन थांबायचा, आणि खरी ताकद इंजिनात दडवलेली. सुप्राचं ते ओतीव लोखंडाचं २जेझेड इंजिन, आतले भाग न बदलता किती ताण सोसतं ते या धंद्यातल्या कोणालाही विचारा. आकडा बघून गाडीची किंमत करायची नसते हे जपान्यांनी आपल्याला पंधरा वर्षं शिकवलं.

भाव चढले ते अमेरिकेमुळे. तिथे २५ वर्षं झाली की गाडी आणायला मोकळीक. आर३२ ला ती २०१४ मध्ये मिळाली, आर३४ जीटी-आरला २०२४ मध्ये. कांदोळीच्या जमिनीचं जे दिल्लीवाल्यांनी केलं तेच अमेरिकेवाल्यांनी आर३४ चं केलं. तुमच्या भावाला आज ६५ लाख जास्त वाटत असतील, पण हा भाव खाली येणार नाही.

म्हापशाचा

@तारवटी, कांदोळीची जमीन बरी आठवली. तिथे तरी एक-चौदाचा उतारा (आपला गोव्याचा सातबारा) बघितल्याशिवाय कोणी टोकन देत नाही. आणि अमेरिकेतला भाव भावाच्या काय कामाचा? इथून ती गाडी तिकडे विकायला नेणार कोण?

पत्रेकाम फोंडा

गॅरेजवाला आहे, चालवण्याच्या कविता मला येत नाहीत. पत्र्याबद्दल सांगतो.

आधी हे बघा की ती जीटी-आर तरी आहे का. आर३४ म्हटलं की लोक जीटी-आर समजतात. तसं नाही. खऱ्या जीटी-आरचा चासी नंबर बीएनआर३४ ने सुरू होतो. साध्या टर्बोवाल्या जीटी-टीचा ईआर३४ ने. ती फक्त मागच्या चाकांवर चालते, इंजिन आरबी२५. चांगली गाडी आहे, पण किंमत वेगळी, फार वेगळी. जीटी-आरचे बंपर आणि मागचा पंख लावला की फोटोत फरक कळत नाही. बॉनेट उघडा, इंजिनच्या मागच्या पत्र्यावर नंबर ठोकलेला असतो तो वाचा. आणि जपानातल्या बाजारासाठी बनलेल्या गाडीला आपल्यासारखा सतरा अक्षरी नंबर नसतो. आरसीवर सतरा अक्षरं दिसली तर समजा ती आरसी दुसऱ्या कुठल्यातरी गाडीची.

दुसरं, ऑक्शन शीट मागा. जपानात लिलावाला गाडी आली की तपासनीस कागदावर गाडीचा नकाशा काढून खुणा करतो. ए म्हणजे ओरखडा, यू म्हणजे पोचा, डब्ल्यू म्हणजे ठोकून सरळ केलेलं, एस म्हणजे गंज, एक्सएक्स म्हणजे पॅनेल बदललेलं. वर ग्रेड. ४ किंवा साडेचार असेल तर झोप लागते. आर असेल तर आपटून दुरुस्त केलेली. एजंट लोक "आर म्हणजे रेसिंग" असं सांगताना मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. हसू दाबायला ग्राइंडर चालू केला.

जपानच्या उत्तरेला बर्फावर मीठ टाकतात, तिकडची गाडी खालून खाल्लेली असते. ती आणून तुम्ही कोलव्याला खाऱ्या वाऱ्यात लावणार, वर जून ते सप्टेंबर धोधो. माझ्याकडे दहा वर्षांच्या इथल्याच गाड्या येतात, कार्पेट उचललं की खालचा रस्ता दिसतो. निळा रंग बघून पैसे देऊ नका. लिफ्टवर चढवा, सिल (दारांखालचा पत्रा) आणि मागच्या सस्पेन्शनचे मनोरे बघा.

कायदेकांडी

मनोऱ्यांपर्यंत जायची वेळच येऊ नये. बिल ऑफ एन्ट्री मागा. गाडी सोडवताना आयात करणाऱ्याने भरलेला आणि कस्टम्सने तपासलेला हा दस्त; त्यावर चासी नंबर, बंदर, तारीख, भरलेली ड्यूटी असते. तो नसेल तर परराज्यातली आरसी, एनओसी, विमा हे सगळं असूनही गाडी तस्करीचीच ठरू शकते, आणि जप्ती आजच्या मालकाच्या दारातून होते. "मी पैसे मोजून घेतली" म्हणण्याने ती थांबत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात कस्टम्सने 'नुमखोर' मोहिमेत भूतानमार्गे आलेल्या गाड्या धरल्या, त्यात नामवंतांच्याही दारात अधिकारी गेले. भूतानच्या भाषेत नुमखोर म्हणजे गाडीच.

आरसीवर लान्सर आणि अंगाने दुसरंच काही, असा प्रकार असेल तर तोही विसरा. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय की उत्पादकाच्या मूळ तपशिलाला सोडून गाडीत बदल करता येत नाही.

तारवटी

वकीलसाहेब, सगळेच चोर नसतात. तीन वर्षांच्या आत असताना आणलेल्या, ड्यूटी भरलेल्या जुन्या गाड्या देशात आहेत. तुम्ही लोक एजंटवर रागावून गाडीला शिव्या देताय.

कायदेकांडी

आहेत. त्यांचे मालक बिल ऑफ एन्ट्री लॅमिनेट करून ठेवतात आणि विकताना पहिल्यांदा तेच दाखवतात. म्हापशाच्या भावाला पहिल्यांदा काय दाखवलं? फोटो.

सासष्टीकर

मला या सगळ्या जपान-भक्तीचं कोडंच आहे. माझ्याकडे ऑक्टाव्हिया आरएस २४५ आहे. २०२० मध्ये २०० च आल्या होत्या, सुमारे ३६ लाखांना. २४५ पीएस, पाच माणसं, आईची व्हीलचेअर डिकीत. अनमोड घाट चढून बेळगाव, कुंदा घेऊन संध्याकाळी मडगावात. सर्व्हिसला शोरूम आहे, विमा कंपनी फोन उचलते. त्या स्कायलाइनची समोरची काच फुटली तर काय करणार? जपानहून काच येईपर्यंत ताडपत्री लावणार?

आणि विम्याचं कोणी बोललंच नाही. पाच वर्षांपुढच्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली किंमत, कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. २५ वर्षांच्या स्कायलाइनला ६५ लाख आयडीव्ही द्यायला कोण बसलंय? गेली तर ६५ लाख गेले, आणि हप्ता भरलेला तो वेगळाच.

तारवटी

ऑक्टाव्हिया चांगली गाडी आहे. आमच्या बँकेच्या मॅनेजरकडे पण आहे.

सासष्टीकर

त्यालाच विचारायचं होतं टोकन भरण्याआधी.

जुनेपाने

सगळे आर३४ ला चिकटून बसलेत आणि सरळ दार उघडंय तिकडे कोणाचं लक्ष नाही. फेब्रुवारी २०२५ पासून नियम बदललाय. किमान ५० वर्षं जुनी गाडी परवान्याशिवाय आणता येते, आणि ही मर्यादा दरवर्षी एकेक वर्ष पुढे सरकते. आधी १९५० पूर्वीची लागायची. म्हणजे १९६९ ची पहिली स्कायलाइन जीटी-आर, जिला जपानी लोक हाकोसुका म्हणतात, ती आज कायद्यात बसते. फेअरलेडी झेड बसते. माझदाची कॉस्मो स्पोर्ट बसते, १९६७ सालची दोन रोटरची गाडी. आपल्याकडे माझदा म्हटलं की पोरांना स्वराज माझदाचा टेम्पो आठवतो, त्यांना ती दाखवायला हवी.

ड्यूटी यालाही आहे, ती काही सुटत नाही. पण कागद पहिल्या दिवसापासून स्वच्छ. आणि तुलनाच करायची तर ही करा: हाकोसुकाचं दोन लिटरचं इंजिन १६० पीएसचं, साठच्या दशकात. त्यापुढची केनमेरी जीटी-आर १९७३ मध्ये १९७ च बनल्या. दुर्मिळता म्हणतात ती ही. आर३४ नंतरची जीटी-आर, आर३५, अठरा वर्षांत सुमारे ४८,००० बनली, ऑगस्ट २०२५ मध्ये बंद झाली.

माझे आजोबा सांगायचे, पोर्तुगेजांच्या वेळी पणजीत मर्सिडीज टॅक्सी म्हणून फिरायच्या. आम्हाला परदेशी गाडीचं अप्रूप मुंबईवाल्यांकडून आलेलं नाही.

म्हापशाचा

@जुनेपाने, हे मला ठाऊक नव्हतं. पण ५० वर्षांची गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवली की रोजच्या वापराला मनाई ना? नंबरात 'व्हीए' येतं तीच मालिका. भावाला गाडी चालवायचीय, रॅलीत झेंडा लावून मिरवायची नाही.

जुनेपाने

भाऊ सहा महिने बोटीवर असतो म्हणालास. रोज चालवणार कधी?

व्हीटेक वेडा

हा प्रश्न वाचून चहा नाकातून आला.

माझं ऐका. २००२ ची होंडा सिटी, १.५ व्हीटेक, १०६ एचपी. फोंड्यात एका निवृत्त मास्तरांकडून घेतली, त्यांनी ती चार हजार आरपीएमच्या वर कधी नेलीच नव्हती. पहिल्यांदा सहा हजारांच्या पुढे गेली तेव्हा गाडीलाच आश्चर्य वाटलं असावं. खरेदी, टायमिंग बेल्ट, शॉकअप, रबरं, सगळं धरून ३ लाखांच्या आत. १५ वर्षांनंतरचं नूतनीकरण झालंय, २० च्या पुढे फी १०,००० झालीय ती पण भरली. ही जपानी नाही का? इथे बनली एवढाच तिचा गुन्हा.

कोणी म्हणेल तुलनाच नाही. नाहीच. पण चोर्ला घाटात तुमची स्कायलाइन किती गिअरमध्ये किती उघडणार? समोर वाळूचा ट्रक, मागे कर्नाटक बस, बाजूला दरी. १०६ घोडे पूर्ण वापरता येतात. २८० मधले पावणेदोनशे तबेल्यातच राहतात, आणि चारा सगळ्यांचा भरायचा.

पत्रेकाम फोंडा

चाऱ्यावरून आठवलं. त्या गाड्या जपानच्या १०० ऑक्टेनवर ट्यून केलेल्या. आपल्या पंपावर २० टक्के इथेनॉल. जुन्या रबरी नळ्या, पंप, सगळं आधी बदलून घ्या, नाहीतर टाकीपासून इंजिनपर्यंत कामच काम. व्हीटेकवाल्या, तूही बघून घे.

तारवटी

सिटीची मस्करी करणार नाही, माझी पहिली तीच. पण माणूस घाटात किती वाजता किती गिअरमध्ये गेला याचा हिशेब ठेवायला गाडी घेत नाही. तेरा-तेरा तास इंजिन रूममध्ये काढल्यावर कॅबिनच्या भिंतीवर एक चित्र लागतं. या भावाच्या भिंतीवर आर३४ आहे. तिथे ऑक्टाव्हिया चिकटवून चालत नाही.

सासष्टीकर

भिंतीवर फोटोच पुरतो, तेवढ्याला टोकन कशाला?

म्हापशाचा

ताजी खबर. काल भावाला घेऊन बसलो, इथले प्रतिसाद वाचून दाखवले. तारवटींचा वाचताना दोनदा डोळे पुसले, म्हणून वकिलांचा लगेच पाठोपाठ वाचला. मग त्याच्याच मोबाइलवरून एजंटला विचारलं: बिल ऑफ एन्ट्रीची प्रत, बॉनेट उघडून चासी नंबरचा फोटो, ऑक्शन शीट.

तासाभराने फोटो आला. ईआर३४. बाकी दोन्हीबद्दल उत्तर, "सर, इतकं विचारणाऱ्याला आम्ही गाडी देत नाही, लाइनमध्ये तिघे आहेत."

भाऊ गप्प. रात्री जेवताना म्हणाला, "पण निळी होती रे." आता हाकोसुकाचे व्हिडिओ बघतोय. मावशीचा मला परत फोन आलाय.

व्हीटेक वेडा

रविवारी सकाळी सातला मी फर्मागुडीला असतो. भावाला घेऊन ये. चावी देईन, पेट्रोल त्याचं.

तारवटी

मी पण येतो. ८ तारखेला जॉइन व्हायचंय, तोवर मोकळा आहे.