सांडपाणी केंद्रातील नॅनोकणांचे मॉडेल: विभाजन गुणांक चालेल का?

वेरूळवाट (प्रश्न)
नमस्कार. मी छत्रपती संभाजीनगर येथे पर्यावरण अभियांत्रिकीत एम.टेक. करीत आहे. एसबीआर पद्धतीच्या (एकाच टाकीत आळीपाळीने हवा देणे, निवळणे आणि उपसा) मैलापाणी केंद्रात चांदी, झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइडचे नॅनोकण पाण्याबरोबर किती जातात आणि गाळात किती राहतात, याचे मॉडेल मी मांडत आहे. सेंद्रिय रसायनांसाठी विभाजन गुणांक (केडी), म्हणजे गाळातील आणि पाण्यातील प्रमाणाचे गुणोत्तर, घेतात तसाच घेऊन ताळेबंद मांडला, पण मार्गदर्शक सरांना तो मान्य नाही. पर्याय काय? आणि पडताळणीसाठी एकूण टायटॅनियम मोजले तर पुरेल का?

गोदाकाठ
सरांचा आक्षेप रास्त आहे. विभाजन गुणांक समतोल गृहीत धरतो, म्हणजे विरघळलेला रेणू गाळाला चिकटतोही आणि सुटतोही. नॅनोकण मात्र विरघळलेला नसून तरंगता असतो आणि एकदा फ्लॉकला (गाळातील जिवाणूंच्या गुठळीला) चिकटला की सहसा सुटत नाही. त्यामुळे येथे समतोलाऐवजी दर धरावा लागतो. कण आणि फ्लॉक यांच्या टकरींचा दर, फ्लॉकची संख्या आणि टक्कर झाल्यावर चिकटण्याची शक्यता (अल्फा) यांच्या गुणाकारावर हा दर ठरतो. २० नॅनोमीटरचा चांदीचा सुटा कण स्टोक्सच्या नियमाने दिवसभरात जेमतेम ०.२ मिलिमीटर खाली येतो, आणि एसबीआरमध्ये निवळायला तासाभराचाच अवधी मिळतो. तेव्हा एरेशन (हवा देणे) चालू असताना जो कण फ्लॉकला लागला नाही, तो डिकँटरमधून, म्हणजे वरचे निवळलेले पाणी उपसणाऱ्या यंत्रणेतून, बाहेर गेलाच म्हणून समजा. एरेशन, निवळणे आणि उपसा हे टप्पे मॉडेलमध्ये वेगवेगळे घ्या; सरासरी काढून एकच टाकी धरू नका.

अल्फा पुस्तकातून उचलू नका, तुमच्या केंद्रातील ताज्या गाळावर बीकरमध्ये काढा. वाळवून पुन्हा भिजवलेला गाळ नॅनोकणांच्या बाबतीत हमखास फसवतो. डिस्टिल्ड वॉटरही नको. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियममुळे ऋणभारित कणांमधील प्रतिकर्षण कमी होते आणि ते लवकर एकत्र येतात, तर साबणातील सरफॅक्टंट व विरघळलेले सेंद्रिय पदार्थ कणांवर थर देऊन त्यांना सुटे ठेवतात. यातले कोणते वरचढ ठरते, ते प्रत्यक्ष मैलापाण्यातच कळते.

शिवारातला
चांदीसाठी वेगळे समीकरण हवे. गटारात व ऑक्सिजन नसलेल्या गाळात तिचे सिल्व्हर सल्फाइड होते, जे जवळपास अविद्राव्य आहे. अमेरिकेतील मैलागाळात नॅनो आकाराचे सिल्व्हर सल्फाइड आढळल्याचे २०१० मध्येच प्रसिद्ध झाले आहे. केंद्रात येणारा कण धातूचाच असतो, हे गृहीतक म्हणून आधीच तपासून घ्या.

काळीमाती
एकूण टायटॅनियमवर विसंबू नये, निदान मराठवाड्यात तरी. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये टायटॅनियम डायऑक्साइडचे प्रमाण साधारण २ ते ३ टक्के असते, आपली काळी जमीन त्याच खडकापासून झाली आहे, आणि पावसाळ्यात ती फुटक्या चेंबरमधून मैलावाहिनीत शिरते. ऑगस्टमध्ये वाढलेला आकडा टूथपेस्टचा की वावरातल्या मातीचा, हे आयसीपी-एमएस या मूलद्रव्ये मोजणाऱ्या उपकरणाचे एकूण मोजमाप सांगू शकत नाही. त्यासाठी टायटॅनियमचे निओबियम या धातूशी गुणोत्तर पाहावे. नैसर्गिक खनिजांत निओबियम सोबत असते, शुद्ध केलेल्या रंगद्रव्यात ते फारसे उरत नाही. शिवाय टूथपेस्ट आणि भिंतीचा रंग यांतले बहुतेक कण २०० ते ३०० नॅनोमीटरचे असतात; त्यांना सरसकट नॅनो म्हणणे मला पटत नाही.

वेरूळवाट
सर्वांचे आभार. नमुने उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात असे दोनदा घेईन. बहुतेक कण गाळातच जाणार असतील, तर मॉडेल केंद्राच्या फाटकापाशी थांबवावे का?

शिवारातला
थांबवू नका. गाळ वाळवून शेतकरी खत म्हणून नेतात, म्हणून साठा आणि शेत असे दोन कप्पे जोडा. झिंक ऑक्साइडचेही गाळात सल्फाइड होते, पण हे झिंक सल्फाइड हवेशीर कंपोस्टमध्ये टिकत नाही. त्यातले जस्त फॉस्फेटकडे आणि लोहाच्या ऑक्साइडकडे वळते, तेव्हा केंद्रातला स्थिरांक शेताच्या कप्प्यात वापरू नका.