मदत हवी आहे: १२ जीबीचे कार्ड, वऱ्हाडी ध्वनिमुद्रणे आणि नागपूरचा मे महिना

नमस्कार. आमच्या नात्यातल्या वयस्कर मंडळींच्या सुमारे साठ तासांच्या वऱ्हाडी गप्पा मी ध्वनिमुद्रित केल्या आहेत आणि ओपनएआयच्या व्हिस्पर या बोलणे ऐकून लिहून काढणाऱ्या मॉडेलकडून घरच्याच संगणकावर त्या लिहून घेत आहे. बोलणे घरगुती, काही ठिकाणी भाऊबंदकीचेही असल्यामुळे ते परक्याच्या सर्व्हरवर चढवायचे नाही, तेव्हा यंत्र भाड्याने घेण्याचा सल्ला कृपया देऊ नये.

माझ्याकडे आरटीएक्स ३०६० हे १२ जीबी मेमरीचे ग्राफिक्स कार्ड आहे. नुसत्या लेखनाला ते पुरते, कारण व्हिस्परच्या लार्ज मॉडेललाही साधारण १० जीबी लागतात. अडचण भाषेची आहे. "काहून रे, मले सांगतलं नाही" या वाक्यातल्या 'काहून'चा (म्हणजे 'का'चा) 'कानून' होतो आणि 'मले'चे मुकाट्याने 'मला' होते. पहिली चूक निदान डोळ्यांत खुपते. दुसरी वाचताना सुटून जाते, आणि मला तर नेमके ते 'मले'च हवे आहे. म्हणून हाताने तपासलेल्या सहा तासांच्या मजकुरावर मॉडेलला पुन्हा प्रशिक्षण द्यायला घेतले.

तिथे मेमरी अपुरी पडली. प्रत्येक आकडा ३२ बिटांत ठेवून, ॲडम ऑप्टिमायझर (चुकांवरून मॉडेल सुधारत नेणारी पद्धत) वापरून सगळे पॅरामीटर, म्हणजे मॉडेलमधले शिकलेले आकडे, शिकवायचे तर प्रत्येकामागे १६ बाइट लागतात: वेटचे (त्या आकड्याचे स्वतःचे) ४, ग्रेडियंटचे (तो कोणत्या दिशेने बदलायचा याचे) ४ आणि ऑप्टिमायझरच्या नोंदींचे ८. मीडियम मॉडेलचे ७६.९ कोटी पॅरामीटर एवढ्यानेच १२ जीबी ओलांडतात. लार्जचे १५५ कोटी सुमारे २५ जीबींवर जातात, म्हणजे २४ जीबीचे कार्ड आणूनही या पद्धतीने ते बसणार नाहीत. मूळ वेट गोठवून थोडेच नवे पॅरामीटर शिकवणाऱ्या 'लोरा' पद्धतीने मात्र काम माझ्याच कार्डावर झाले. 'काहून' सुधारले, पण 'मले' अजूनही निम्म्या वेळा 'मला'च येते.

आता सीताबर्डीच्या एका दुकानात वापरलेले आरटीएक्स ३०९० मिळत आहे. मेमरी २४ जीबी, पण वीज ३५० वॉट. माझ्या कार्डाला १७० लागते. आधी ते कशासाठी वापरले होते असे विचारले, तर "गेमिंगच" एवढेच उत्तर मिळाले. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग (कार्डे सतत चालवून चलन कमावणे) बंद झाल्यावर त्यातली पुष्कळ कार्डे जुन्या बाजारात आली आणि ३०९० च्या पाठीमागच्या बाजूलाही तापणाऱ्या मेमरी चिप असतात, त्यामुळे एवढ्या उत्तरावर माझे समाधान होत नाही. शिवाय खोलीत एसी नाही, कूलर आहे. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की सध्याचेच कार्ड ८३ अंशांपर्यंत तापून वेग कमी करते. वीजमर्यादा १३० वॉटवर आणली तेव्हा कुठे ते जरा निवले. कॅबिनेट कूलरसमोर ठेवावे, तर आत ओलावा आणि भुसा जातो.

ज्यांनी बोलीभाषेवर असे प्रशिक्षण दिले आहे त्यांनी सांगावे, की 'मले'ची चूक मोठ्या कार्डाने सुटेल, की तपासलेला मजकूर सहा तासांवरून वीस तासांवर नेल्याने? आणि कोणी ३०९० ला २५० वॉटची मर्यादा घालून विदर्भातला उन्हाळा काढला असेल, तर मेमरीचे तापमान कितीपर्यंत गेले? दुकानदार अर्धा तास कार्ड चालवून बघू द्यायला तयार आहे. तेवढ्या वेळात नेमके काय चालवून पाहावे?