मक्याचा ढीग आणि बंदी

'हरणं शेतात एकत्र चरतातच, मग त्यांच्यासाठी टाकलेल्या मक्याच्या ढिगावरच बंदी का?' असं एकाने विचारलंय. शेतात कळप पांगून चरतो. फीडरखाली (दाणे सांडणाऱ्या खाद्यपात्राखाली) मात्र तीच वीतभर जागा रोज अनेक तोंडं चाटतात. सीडब्ल्यूडी या हरणांच्या जीवघेण्या मेंदूरोगाचे प्रायॉन (रोग पसरवणारी बिघडलेली प्रथिनं) लाळेतून, मलमूत्रातून पडतात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात. लस नाही, उपचार नाही. म्हणूनच इथे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात रोगी हरीण सापडलेल्या काउंटीत (जिल्ह्यात) ३ वर्षं, आणि ते १० मैलांच्या आत सापडलं तर शेजारच्या काउंटीतही २ वर्षं बंदी असते. मला ती पूर्ण पटते. टेक्सासात खाजगी जमिनीवर फीडर चालतात, पण तो नियम इथे लावू नका. आणि बंदी फक्त शिकाऱ्यांना नाही, परसात हौसेने मका टाकणाऱ्यांनाही आहे! पक्ष्यांचा फीडर चालतो, मात्र हरणाचं तोंड पोचणार नाही असा हवा.