गोड बोलतो तो चांगला? कुणी सांगितलं?

तळकोकणी मंजू
काल इथं 'अनोळखी शक्ती ओळखण्याच्या सात खुणा' वाचलं. प्लँचेटवर, म्हणजे वाटी फिरवून आत्मा बोलावतात तिथं, नवखं कुणी आलं की नाव तीनदा विचारा, खोटा असेल तर तिसऱ्यांदा अडखळतो. खोलीत सुगंध आला तर पुण्यात्मा. प्रेमानं बोलला तर विश्वास ठेवा, रागावला तर वाटी उपडी घालून उठा. खाली हात जोडणाऱ्यांची रांग. मला रात्री झोप लागेना, म्हणून लिहितेय.

आमच्या आजोळी अवसार उभा राहिला, म्हणजे देव कुणाच्या अंगात आला, की पहिली सुरुवात फटकारण्यानंच. "माझ्या वाटेवर कचरो कोणी टाकलो?" राखणदार आहे तो, रागावणारच. आरवलीचा वेतोबा रात्री गावाची राखण करत फिरतो, त्यात चपला झिजतात, म्हणून लोक त्याला त्या भल्यामोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. हा देव तुमच्या सात खुणांत नापास!

भीती गोड बोलणाऱ्याची. माझ्या मावशीच्या अंगात बारा वर्षं 'मी तुझी आजेसासू' म्हणणारं काहीतरी यायचं. आवाज लोण्यासारखा. मोगऱ्याचा वास म्हणाल तर तोही यायचा, मी स्वतः घेतलाय. आधी साडी मागितली, मग पैंजण, आणि एका अवसेला धाकट्या दिराच्या वाट्याची सात गुंठे जमीन. माझी आजी समोर बसली होती. तिनं नाव विचारलं नाही की गाव. म्हणाली, "देऊया की. पण हे मागणं उद्या देवळात, गावासमोर माग." त्यानंतर आजेसासू कधी आली नाही.

खूण असलीच तर ही. काय मागतोय, कुणाच्या फायद्याचं मागतोय, आणि चारचौघांत मागायची तयारी आहे का.

ध्यानयात्री
ती पोस्ट माझी. आधी एक मूलभूत गल्लत दूर करा, ताई. देवचार, राखणदार ही स्थानदैवतं. प्लँचेटवर येतो तो मृतात्मा. दोघांना एकच कसोटी कशी लागेल? मी एकवीस वर्षं साधना करतोय. रागीट आत्मा म्हणजे अतृप्त आत्मा, हा माझा अनुभव आहे. तुमच्या मावशीबद्दल वाईट वाटलं, पण एका घरच्या गोष्टीवरून शास्त्र ठरत नाही.

तळकोकणी मंजू
आणि एका साधकाच्या एकवीस वर्षांवरून ठरतं, हो ना?

तर्कटी
पाहुणा चांगला की वाईट यावर भांडताय. आधी दारात कुणी आहे का ते बघा!

१८५३ साली शास्त्रज्ञ फॅरेडेनं हेच केलं. तेव्हा विलायतेत आत्मे बोलावून टेबल फिरवायची साथ होती. त्यानं टेबलावर पुठ्ठ्यांचे थर मऊ डिंकासारख्या लुकणानं चिकटवले आणि वर लोकांना हात ठेवायला लावले. टेबल ओढत असेल तर खालचा पुठ्ठा आधी सरकेल, हात ढकलत असतील तर वरचा. सरकला वरचा. माणसं लबाड नव्हती, आपण ढकलतोय हे त्यांना कळतच नव्हतं.

आम्ही होस्टेलवर पाटावर खडूनं अक्षरं काढून वाटी फिरवायचो. परीक्षेत काय येणार ते विचारायचो, दुसरं काय. एकदा सगळ्यांचे डोळे बांधले आणि मी गुपचूप पाट फिरवून ठेवला. तोवर अस्खलित मराठी बोलणारा आत्मा 'झठक्षढ' लिहायला लागला. नाव तीनदा विचारा म्हणे!

ध्यानयात्री
थट्टेखोरांच्या बैठकीला थट्टेखोरच येणार.

गुरवाचा नातू
मंजूताई, आजींचं शंभर टक्के पटलं. म्हणूनच अंगात आलेल्याच्या शब्दावर गाव थांबत नाही, कौल लावतो, म्हणजे देवालाच विचारतो. पाषाणाला पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. अवसार माणसाच्या तोंडून बोलतो. पाकळीला तोंड नाही.

घाटावरचा
पाकळीला तोंड नाही, पण गुरवाला हात आहे ना? डावी पाकळी जरा जास्त ओली करून लावली की ती चिकटून राहते आणि उजवी पडते. कोकणात सासुरवाडी आहे माझी. विहिरीच्या वाटेवरून कौल लावला तेव्हा मी अगदी शेजारी होतो. डाव्या पाकळीखालून पाण्याचा ओघळ पाषाणावरून खाली येत होता. उजवी सुकी. चहा उकळायच्या आत निकाल.

गुरवाचा नातू
ओली पाकळी जड होते म्हणून आधी पडते, एवढं तरी माहीत आहे का? जावईबुवा एकदा देवळात उभे राहिले आणि कौल शिकून आले. चाकरमानी गणपतीक येतत आणि आमका देव शिकयतत, आता त्यात घाटावरचे जावई. बाकीचे अकरा महिने देवळात दिवा कोण लावतो? पन्हळ फुटली तेव्हा वर्गणीचे फोन उचलले नाहीत कुणी!

घाटावरचा
वर्गणी मी भरली होती. पावती आहे. जड होते की चिकटते ते आता पाण्याच्या प्रमाणावर आलं. म्हणजे प्रमाण ठरवणाऱ्यावर आलं. धन्यवाद.

तर्कटी
दोघंही बरोबर असू शकता. थेंबभर पाण्यानं चिकटेल, निथळत असेल तर घसरेल. फरशीच्या तुकड्यावर करून बघा.

गुरवाचा नातू
देवाला फरशीवर बसवा आता. आमच्याकडे तांदळाचाही कौल लावतात, तिथं काय म्हणाल?

घाटावरचा
तेच. तांदूळही भिजवूनच लावतात.

गुरवाचा नातू
बरं. लावणारा लबाड असेल तर कौलही लबाड होतो, हे मान्य. माझे आजोबा लबाड नव्हते. यापुढे एक शब्द बोललात तर बघा.

तर्कटी
मूळ विषयावर एक. खूण ओळखायच्या नादात 'वाईट आहे' असं ठरलं की पुढं काय होतं? दोरीनं बांधायचं, मारायचं, मिरच्यांची धुरी द्यायची. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत हे सगळं नावानिशी आहे, सहा महिने ते सात वर्षं कैद. भोगतो आत्मा नाही, ती बाई.

ध्यानयात्री
मारहाणीचं समर्थन मी कधीच केलं नाही. आणि सुगंधाची खूण मी मागे घेतो. मंजूताईंच्या आजेसासूबाईंच्या सन्मानार्थ.

रेवती शिवणवाली
इतका वेळ वाचतेय. सगळे आजेसासू खरी की खोटी यात अडकलात. बारा वर्षं त्या बाईला स्वतःच्या घरात एक साडी मागायला मेलेली म्हातारी लागली, हे कुणाला दिसलं का? सात गुंठ्यांचं तिला कुणी शिकवलं असेल ते वेगळं.

तळकोकणी मंजू
रेवती, तुमचं वाचून मावशीला फोन केला. एकोणसत्तर वर्षांची आहे आता. सात गुंठ्यांचं विचारलं तर "तुझ्या काकांका विचार" म्हणाली. काका जाऊन आठ वर्षं झाली. साडीचं विचारल्यावर हसली. पैंजण अजून आहेत, नातीला देणार आहे. मी म्हटलं, म्हणजे ते सगळं तूच बोलायचीस? तर म्हणाली, "सगळा नाय गो." मोगऱ्याचं विचारेपर्यंत तिनं फोन ठेवला.

घाटावरचा
फरशीवर करून बघितलं. झेंडूची पाकळी. ओली चिकटली, सुकी लगेच पडली. फोटो टाकू?

गुरवाचा नातू
झेंडूची? आमच्याकडे झेंडू लावीतच नाहीत.