घणसोली गावठाणात बदकं पाळायची आहेत, कुठली जात घ्यावी?

नमस्कार मंडळी,

आमच्या घरामागे छोटं परसू आहे. नळ आहे, तळं नाही. फार तर सिमेंटची बसकी टाकी बांधता येईल. चार-पाच बदकं ठेवायची आहेत, तीही फक्त घरच्या अंड्यांसाठी. सासूबाईंना बदकाची अंडी फार आवडतात आणि बाजारात ती दरवेळी मिळत नाहीत.

खरी अडचण आवाजाची. आमच्या आणि शेजारच्या भिंतीत जेमतेम हातभर अंतर आहे. शेजारचे काका रात्रपाळी करून सकाळी झोपतात. त्यांची झोपमोड करून मला बदकं पाळायची नाहीत.

खाकी कॅम्पबेल वर्षाला अडीचशेच्या वर अंडी देते, म्हणून मन तिकडे ओढतंय. व्हाइट पेकिन मुख्यतः मांसासाठी, म्हणून ती नको. मस्कोव्ही ओरडत नाही म्हणतात, पण अंडी कमी. त्यात एका विक्रेत्याने मस्कोव्ही नर आणि पेकिन मादी यांची क्रॉस पिल्लं सुचवली आहेत. "आवाज नाही, अंडी भरपूर, पुढे घरचीच पिल्लं काढा," असं तो सांगतो. घ्यावीत का? आणि पावसाळ्यात काय सांभाळावं? कृपया अनुभवी लोकांनी सांगा.

प्रतिसाद १

ताई, तो क्रॉस अजिबात घेऊ नका. मस्कोव्ही मूळची दक्षिण अमेरिकेकडची, वेगळीच प्रजाती. खाकी, पेकिन, रनर या सगळ्या मॅलार्ड या रानबदकापासून आलेल्या. या दोघांची पिल्लं खेचरासारखी वांझ निघतात. लोक ती मांसासाठी वाढवतात. घरची पिल्लं काढा म्हणणाऱ्याला एक तर माहिती नाही, नाही तर तो तुम्हाला फसवतोय.

आता आवाजाचं. खाकीत मोठ्याने ओरडते ती मादी. नराचा आवाज बसका, घोगरा. तुम्हाला अंडी हवीत म्हणजे माद्याच लागणार, म्हणजे गोंगाट आलाच. खाद्याचं भांडं हातात दिसलं की सगळ्या एकदम सुरू होतात. तुमच्या भिंतींचं अंतर बघता मी मस्कोव्हीच सांगेन. मादी हळू आवाजात कुजबुजल्यासारखं करते, नर नुसता फिसफिसतो. अंडी वर्षाला शंभराच्या आत-बाहेर धरा. घरापुरती पुरतात. मात्र ती पटकन खुडूक होते, म्हणजे अंडी उबवायला बसून राहते, म्हणून अंडी रोजच्या रोज उचला. मादी चांगली उडते, तेव्हा एकाच पंखाची लांब पिसं कापून ठेवा.

टाकी नसली तरी चालेल. डोळ्यांपर्यंत डोकं बुडेल एवढं खोल घमेलं हवंच, नाहीतर नाकपुड्या आणि डोळे चिकटतात.

पावसाळ्यात सर्वात जास्त जपायचं ते खाद्य. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष कोंबडीपेक्षा बदकाला कितीतरी लवकर मारतं. आपल्याकडच्या दमट हवेत मका आणि शेंगदाणा पेंड बघता बघता बुरसते. जून ते सप्टेंबर पेंड बंदच ठेवा, मका आठवड्यापुरताच आणा, पोत्यात हात घालून वास घ्या. कुबट वाटलं तर टाकून द्या, पैशाकडे बघू नका. डक प्लेगची लस जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून टोचून घ्या.

प्रतिसाद २

गावठाणात मुंगूस आणि घुशी असतातच. खुराड्याला कोंबडीची पातळ जाळी नको, वेल्डमेश (जाड तारांची वेल्डिंग केलेली जाळी) लावा, आणि खाली जमीन उकरता येणार नाही असा कोबा करा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. क्रॉसचा विचार सोडला, मस्कोव्हीच घेते. नर न घेता तीन माद्याच आणल्या तर अंडी मिळतील ना? आणि मादी ओळखायची कशी?

प्रतिसाद १

मिळतील. नर फक्त पिल्लांसाठी लागतो. अगदी लहान पिल्लं घेऊ नका, तीन-साडेतीन महिन्यांची घ्या. तोवर नर मादीच्या जवळजवळ दुप्पट दिसतो आणि चोचीभोवती लाल मांसल गाठी येऊ लागतात. सगळी एकत्र उभी करायला सांगा आणि त्यातली लहान चणीची निवडा.